डोरीनबाईंचे अकरा सेकंद

आमच्या शेजारच्या डोरीनबाई सिनेमात एकूण अकरा सेकंद आहेत, आणि ते अकरा सेकंद चालू असताना मी बटाटेवडे वाटत होतो.

हे लिहून टाकतो आहे, कारण त्याशिवाय मनावरचं ओझं उतरणार नाही. तसं माझ्या मनावर कायमच काही ना काही ओझं असतं. बावीस वर्षं इंग्लंडमधल्या मेडनहेडमध्ये राहून मी एवढंच शिकलो की कुणी आपल्या पायावर पाय दिला तर सॉरी आपण म्हणायचं. माझी बायको वैशाली सगळ्यांना सांगते की मी सुपरमार्केटच्या आपोआप उघडणाऱ्या दारालाही सॉरी म्हणतो. (एकदाच म्हणालो होतो. ते माझ्यासाठी उघडलं, आणि मला आत जायचं नव्हतं.)

डोरीनबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या. आमच्या दोघांच्या बागांमध्ये एक लाकडी कुंपण आहे आणि त्यातली एक फळी सैल आहे. त्या फटीतून आमच्याकडून भजी पलीकडे जातात आणि पलीकडून रुबार्बचे लालसर आंबट देठ येतात. (रुबार्बचं काय करायचं हे आम्हाला अजून कळलेलं नाही. वैशाली त्याची आमटी करते आणि आम्ही त्याबद्दल बोलत नाही.) मार्चमध्ये माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली आणि त्या फळीपाशी खुर्ची टाकून बसायला लागली. आई मराठीत बोलायची, डोरीनबाई इंग्रजीत. तासन् तास चालायचं. मी भाषांतर करायला गेलो की दोघी गप्प व्हायच्या.

एक दिवस आई आत येऊन म्हणाली, "ही बाई नाटकात होती."

"तुला सांगितलं त्यांनी?"

"सांगायला कशाला हवं? चार महिने बघतेय. बोलताना समोरच्याला एकदाही पाठ दाखवत नाही."

सांगलीत नाटक आलं आणि आई गेली नाही असं माझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा घडलं नसतं, पण त्या दिवशी नाटकच नव्हतं. त्यामुळे मी कुंपणापाशी जाऊन विचारलं. डोरीनबाई लाजल्या. (त्या अर्थातच इंग्रजीत बोलतात. पण आईने त्यांचं बोलणं मला इतक्यांदा मराठीत सांगितलं आहे की आता मला त्या मराठीतच आठवतात.)

तर एकोणिसाव्या वर्षी डोरीनबाई लंडनच्या एका नाटकात मोलकरणीचं काम करायच्या. नाटक असं: एका डॉक्टरांच्या घरी त्यांची आत्या दोन दिवसांसाठी येते आणि जातच नाही. सगळ्यांना शिस्त लावते, घड्याळं पुढे करते, मांजराला अंघोळ घालते. घरचे तिला घालवायचे नाना उपाय करतात. दुसऱ्या अंकात ती चिडून खरंच निघून जाते आणि मग एकेक वस्तू गायब झाल्याचं लक्षात येतं. भिंतीवरचं घड्याळ नाही, ग्रामोफोन नाही. डॉक्टर खुर्चीत बसून म्हणतात, जाऊ दे, निदान आता शांतपणे चहा तरी पिऊ. घंटी वाजवतात. मोलकरीण रिकामा ट्रे घेऊन येते, थांबते आणि मालकिणीला म्हणते, "आणि बाईसाहेब, त्यांनी किटलीसुद्धा नेली."

या वाक्याला रोज हशा यायचा. पुढे नाटकावरून कृष्णधवल सिनेमा निघाला, त्यातही हे काम डोरीनबाईंनाच मिळालं. पण सिनेमाच्या पहिल्या खेळाला त्या इतक्या घाबरल्या की आपला प्रसंग जवळ आल्यावर उठून बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन बसल्या. त्यानंतर लग्न, मुलगी, मेडनहेड. सिनेमा टीव्हीवर कधी लागला तर भर दुपारी, आणि घरात त्या एकट्या.

"नाटकात हशा यायचा तो मी ऐकलाय," डोरीनबाई म्हणाल्या. "सिनेमात येतो की नाही, ते मला माहीतच नाही. माणसांनी भरलेल्या खोलीत एकदा ऐकायला आवडलं असतं."

आवडलं असतं, असं म्हणाल्या, कारण त्यांचं घर विकलं गेलं होतं आणि पुढच्या आठवड्यात त्या मुलीकडे स्कॉटलंडला कायमच्या राहायला चालल्या होत्या.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की शनिवारी दुपारी गल्लीच्या टोकाला असलेल्या हॉलमध्ये आपण सगळ्यांना बोलावून हा सिनेमा दाखवायचा. यात चांगुलपणा किती आणि अपराधीपणा किती, हे विचारू नका. चार वर्षांपूर्वी मी त्यांची फुलवेल तण समजून मुळापासून कापली होती, आणि त्यांनी "वाढेल पुन्हा" म्हटलं होतं. ती वाढली नाही.

डोरीनबाईंकडे डिस्क होती, मुलीने दिलेली, अजून एकदाही न लावलेली. हॉलमध्ये प्रोजेक्टर होता. हॉलची देखभाल करणारे कीथ आमच्याच गल्लीत राहतात. त्यांनी दोन ते पाचची वेळ दिली आणि बजावलं की सव्वापाचला झुंबा नाचाचा वर्ग असतो, त्याआधी हॉलमधली प्रत्येक वस्तू जागच्या जागी हवी. सगळं इतकं सोपं होतं की मी काळजीत पडलो.

मग आईने विचारलं, "मध्यंतर कधी आहे?"

मी सांगितलं की इथे सिनेमाला मध्यंतर नसतं.

"नाटकावरून काढलाय ना?"

"हो."

"मग अंक असणारच. पहिला अंक संपला की मध्यंतर, मध्यंतराला वडा. यात विचारायचं काय आहे?"

वैशाली म्हणाली, "मुकुंद, लोकांना सिनेमाला बोलावलंयस, मुंजीला नाही." पण मी डिस्क लावून पाहिली आणि आईचं खरं निघालं. पाऊण तासाने आत्याबाई दिवा घेऊन जिना चढून जातात आणि खोलीत हळूहळू अंधार होतो, अगदी पडदा पडावा तसा. डोरीनबाईंना विचारलं तर त्यांचे डोळे चमकले. "तिथेच व्हायचं आमचं मध्यंतर! त्यानंतर सात मिनिटांनी माझी एंट्री. तोवर लोक खुर्चीत नीट बसलेले असतात."

सात मिनिटं. हा आकडा मला माहीत होता. मी तो कागदावर लिहून खिशात ठेवला होता. पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं, असं मला म्हणता येत नाही, ते यामुळे.

शनिवारी चाळीसेक माणसं आली. डोरीनबाई मोतिया रंगाचा ड्रेस घालून पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. शेजारी आईची खुर्ची होती, पण आई मागच्या स्वयंपाकघरात कढईपाशी होती आणि तिथल्या खिडकीतून मान बाहेर काढून सिनेमा बघत होती. पहिला अंक फार छान गेला. आत्याबाईंनी मांजराला अंघोळ घातली तेव्हा हॉल दणाणला. घरचे लोक आत्याबाईंना घालवायचा कट करायला लागले तेव्हा आई खिडकीतून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिचं काय चुकलं?" (आईच्या परतीचं तिकीट तेव्हा दोन महिन्यांवर होतं. वैशालीने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.)

आत्याबाई दिवा घेऊन वर गेल्या. अंधार झाला. मी रिमोटवरचं बटण दाबलं, पडदा काळा झाला. भिंतीवरचा स्पीकर बंद केला, आवाज गेला. चित्र नाही, आवाज नाही, म्हणजे सिनेमा थांबला. मी चोवीस वर्षं कंप्युटरच्या धंद्यात आहे. माझ्या हाताखाली नऊ माणसं काम करतात, आणि ही गोष्ट त्यांना कळू नये म्हणून मी हे मराठीत लिहितो आहे.

माझी मुलगी इरा सोळा वर्षांची आहे. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, तू फक्त प्रोजेक्टर ब्लँक केलास. लॅपटॉपवर फिल्म चालू असेल."

लॅपटॉप रंगमंचाच्या मागच्या खोलीत होता. तिथे जायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्याच क्षणी आईने खिडकीतून हाक मारली, "मुकुंदा, पहिला घाणा निघाला, गार करू नकोस." गरम वडा आणि सोळा वर्षांची मुलगी यांत मी कुणाचं ऐकलं, हे सांगायला नको. इराच्या हातात मी चटणीचं पातेलं दिलं.

मध्यंतर दहा मिनिटांचं ठरलं होतं. दहा मिनिटांत निम्म्या लोकांनाच वडे मिळाले, आणि उरलेल्यांना गार वडा द्यायला आईने साफ नकार दिला. इथे अशा गोल तळलेल्या पदार्थाच्या पोटात उकडलेलं अंडं असतं, म्हणून कीथ पहिला वडा मधोमध फोडून आत अंडं शोधत होते. अंडं नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरा फोडला, कदाचित त्यात असेल म्हणून. चवथ्या वड्यानंतर ते झुंबाविषयी बोलायचे थांबले. हॉलची दोन मुठींची भली मोठी ॲल्युमिनियमची किटली घेऊन वैशाली चहा ओतत फिरत होती. डोरीनबाई मात्र जागेवरून उठल्या नाहीत. अर्धाच वडा खाल्ला. दातांत काही अडकलं तर शब्द नीट उमटत नाहीत, म्हणाल्या. मी त्यांना आठवण करून दिली की वाक्य आता तुम्हाला बोलायचं नाहीये, ते आधीच बोलून झालंय. "हो की," त्या म्हणाल्या, आणि उरलेला वडा तरीही बशीतच राहिला.

पंचवीस मिनिटांनी मी बटणं पुन्हा दाबली. चित्र आलं, आवाज आला. डॉक्टर जिन्यावरून खाली येत होते. अशा नाटकांत कुणी ना कुणी सतत जिन्यावरून खाली येत असतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. फक्त आई, जी आता कढई सोडून खुर्चीत येऊन बसली होती, म्हणाली, "आत्या कुठाय? आणि भिंतीवरचं घड्याळ कुठे गेलं?"

"आई, सिनेमात असं होतं," मी म्हणालो.

दर थोड्या वेळाने डोरीनबाई खुर्चीत ताठ व्हायच्या, हात मांडीवर जुळवायच्या. मग पुन्हा सैल पडायच्या. मी मागे उभा राहून त्यांचा पांढरा अंबाडा बघत होतो आणि खिशातला कागद चाचपत होतो. सात मिनिटं होऊन गेली. पंधरा झाली. मी स्वतःला समजावलं की माझं घड्याळ पुढे असेल.

शेवटच्या प्रसंगात आत्याबाई परत येतात आणि एक शब्द न बोलता टेबलावर किटली ठेवतात. सिनेमातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या हॉलमधली चाळीस माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागून कुणीतरी विचारलं, "किटलीचं काय आहे?" तेव्हा मला इराचं म्हणणं आठवलं.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या. डोरीनबाई ड्रेसवरची नसलेली सुरकुती सारखी करत होत्या.

"कापलं असेल," त्या शेजारच्या बाईंना सांगत होत्या. "डिस्कवर सगळं बसत नसेल. छोटाच तर होता प्रसंग."

मी वैशालीकडे पाहिलं. तिला न सांगता कळलं. एकवीस वर्षांत माझा तो चेहरा तिच्या ओळखीचा झाला आहे. "सांगून टाक," ती म्हणाली. "आणि मुकुंद, थोडक्यात."

मी रंगमंचावर चढलो आणि थोडक्यात सांगितलं. वैशालीच्या म्हणण्याप्रमाणे नऊ मिनिटं. त्यात रिमोट होता, इराची सूचना होती, माझी नोकरी होती आणि चार वर्षांपूर्वीची फुलवेलही होती. मग मी म्हणालो की आता आपण तो प्रसंग मुद्दाम पुन्हा बघणार आहोत. इथवर ठीक होतं. पण माझ्या मनात आलं की लोकांना आधीचं काही माहीत नाही, विनोद कळला नाही तर? म्हणून मी तो समजावून सांगितला. घड्याळ गेलं, ग्रामोफोन गेला, डॉक्टरांना चहा हवाय, आणि चहा कशात करतात तर किटलीत, आणि नेमकी तीच नाही. आता मोलकरीण येऊन तसं सांगेल, ते फार विनोदी आहे, तरी कृपया सर्वांनी मनापासून हसावं, ही विनंती.

प्रसंग लागला. एकोणीस वर्षांची डोरीन रिकामा ट्रे घेऊन आली. काय डोळे होते! ती थांबली, तिने तोंड उघडलं, आणि चाळीस इंग्रज माणसं, विनंतीला मान देऊन, वाक्य सुरू व्हायच्या आधीच हसली. साहेबाच्या विनोदाला हसतात तशी. वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही.

डोरीनबाईंनी वळून माझ्या हातावर थोपटलं. "सगळे फार चांगले आहेत," म्हणाल्या. असं वाक्य माणूस अंत्यविधीहून निघताना बोलतो.

पाच वाजत आले. लोक कोट घालायला लागले. मी म्हटलं, पुन्हा एकदा लावू का. डोरीनबाईंनी नको म्हणून मान हलवली आणि काठी शोधायला लागल्या. एका माणसाच्या अडुसष्ट वर्षांच्या इच्छेचा मी एका दुपारी दोनदा निकाल लावला होता.

आणि तेवढ्यात कीथ यादी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. कप मोजून झाले होते, बशा झाल्या होत्या, ट्रे झाले होते. हॉलची मोठी किटली सापडत नव्हती.

दोष नक्कीच माझा असणार, असं समजून मी लगेच हातापायांवर रांगत रंगमंचाखालच्या कपाटात शिरलो. आत घडीच्या खुर्च्या आणि अंधार. त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं.

कीथ म्हणाले, "सिंकमध्ये नाही. फडताळात नाही. कुणी पाहिली का?"

मग एक खुर्ची करकरली. काठी जमिनीवर एकदा टेकली. मी मनात म्हटलं, डोरीनबाई निघाल्या. पण पावलं दाराकडे गेली नाहीत, चार पावलं मध्यभागी आली आणि थांबली. ते थांबणंच वेगळं होतं. अख्खा हॉल त्याच्याबरोबर थांबला.

"आणि बाईसाहेब," एक स्वच्छ, तरुण, खणखणीत आवाज वैशालीला उद्देशून म्हणाला, "त्यांनी किटलीसुद्धा नेली."

जो हशा फुटला, तसा मी आयुष्यात ऐकलेला नाही. माझ्या डोक्यावरच्या फळ्या हादरल्या. कुणीतरी टेबलावर हात आपटत होतं, ते कीथ होते असं नंतर कळलं. मला मात्र एवढंच कळलं की लोक हसताहेत, म्हणजे माझी पँट फाटली असणार. मी कपाटातून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्याने म्हणालो, "सॉरी!"

हशा खटकन थांबला. चाळीस डोकी माझ्याकडे वळली.

मध्यभागी डोरीनबाई उभ्या होत्या, दोन्ही हात अजून नसलेल्या ट्रेखाली धरलेले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापेक्षा फुलवेलीच्या वेळची नजर पुष्कळ मायाळू होती.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि आई आत आली. अंगावर शाल, आणि शालीतून डोकावणारी ॲल्युमिनियमची चोच. डबे संपले होते. डोरीनबाईंना इतक्या लांब जायचं, प्रवासाला शिदोरी नको? म्हणून आईने किटलीत चौदा वडे भरले होते आणि ती आमच्या गाडीत ठेवायला निघाली होती. गाडीला कुलूप होतं, म्हणून परत आली होती. डोरीनबाईंनी पहिल्या रांगेतून तिला किटली घेऊन जाताना पाहिलं होतं आणि कुणाला काही बोलल्या नव्हत्या. (नटीच ती. आपल्या वाक्याची वेळ येईपर्यंत थांबली.)

काय बोलणं झालं ते आईला माहीत नव्हतं. पण हशा तिने बाहेरून ऐकला होता, आणि तो कसला हशा असतो, आणि तो मध्येच तुटला की काय करायचं असतं, हे सांगलीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तिने किटली छातीशी धरली, डोरीनबाईंकडे पाहिलं आणि त्या दिवसातलं आपलं एकमेव इंग्रजी वाक्य उच्चारलं.

"वन्स मोअर."

डोरीनबाई चार पावलं मागे गेल्या. पुन्हा आल्या. थांबल्या. आईकडे बघितलं, किटलीच्या चोचीकडे बघितलं, आणि मग वैशालीकडे वळून वाक्य बोलल्या. या वेळी वैशालीने माझं तोंड हाताने दाबून धरलं होतं. हशा किती वेळ चालला ते मी मोजलं नाही, पण झुंबाच्या बायका पाण्याच्या बाटल्या काखेत मारून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि काहीही माहीत नसताना हसत होत्या.

मंगळवारी सकाळी गाडी येण्याआधी डोरीनबाईंनी मला सैल फळीपाशी बोलावलं. आईने दिलेला चिवड्याचा डबा त्यांच्या हातात होता. मी त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो.

"मुकुंद," त्या म्हणाल्या, "शनिवारी तू कपाटातून बाहेर आलास, तेव्हा फार लवकर बोललास. हशा चढतो, मग उतरायला लागतो. तो उतरेपर्यंत कधी बोलायचं नाही. तोडतोस त्याला तू."

"सॉरी," मी म्हणालो.

डोरीनबाईंनी डोळे मिटले.

"बघ," त्या म्हणाल्या, "पुन्हा लवकर."